आधी कुणाचे पैसे द्यायचे, हे तुम्ही ठरवा

तुमचा प्रश्न काल रात्री दोनदा वाचला आणि सकाळी कागदावर आकडे मांडले. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही कोल्हापूरजवळ उचगावला राहता, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या मशीनशॉपला आहात. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून हातात २६,००० येतात, वहिनींच्या ब्लाउज शिलाईचे ४,५००. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या हार्टच्या ऑपरेशनला पैसे लागले, तिथून गाडं घसरलं. आज घराचं कर्ज आहे, पतसंस्थेचं आहे, वहिनींच्या नावावर मायक्रोफायनान्सच्या दोन महिला गटांचे हप्ते आहेत, भिशी आहे, गावातल्या एकाकडून महिना पाच टक्क्यांनी घेतलेले ६०,००० आहेत आणि मोबाइलवरच्या तीन ॲपचे मिळून ३८,००० आहेत. एक एजंट १५,००० रुपये फाइल चार्ज आधी घेऊन पाच लाखांचं एकच कर्ज करून देतो म्हणतोय. ते घ्यावं का घर विकावं, असा तुमचा प्रश्न. आणि शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीय: "कधी कधी वाटतं सगळं टाकून निघून जावं."

आधी त्या ओळीचं बोलू, कर्जाचं नंतर. हा विचार रात्री येत असेल तर १४४१६ हा नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा. टेली मानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही उचलतात आणि मराठीत बोलतात. आणि घरात एका माणसाला आजच सांगा की मला असं वाटतंय. कर्जाचे कागद घेऊन माझ्यासमोर शेकड्यांनी माणसं बसली आहेत. तुमच्यापेक्षा मोठे आकडे असलेली माणसं आज आपापल्या घरात आहेत, पोरांची लग्नं करून बसली आहेत. तुमचा आकडा वाईट आहे, पण त्यातून वाट निघते. ती कशी, ते खाली सांगतो.

मी इथल्याच एका सहकारी बँकेत अठ्ठावीस वर्षं होतो, त्यातली सोळा वसुलीला. निवृत्त झाल्यापासून शनिवारी घरी बसून लोकांचे कागद बघतो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय.

तुम्हाला वाटतंय की तुमची अडचण सहा कर्जांची आहे आणि ती एका कर्जात घातली की सुटेल. मला आकड्यांत वेगळं दिसतं. घर ११,२००, पतसंस्था ६,३००, दोन गटांचे आठवड्याला ८५० आणि ७०० म्हणजे महिन्याला साधारण ६,७००, सावकाराचं व्याज ३,०००, भिशी ५,०००. बेरीज ३२,२००. घरात येतात ३०,५००. ॲप यात धरलेलीच नाहीत आणि अजून चूल पेटलेली नाही. याचा अर्थ तुम्ही गेले कित्येक महिने एकाचं काढून दुसऱ्याला देताय. नवं पाच लाखांचं कर्ज आलं तरी त्याचा हप्ता याच ३०,५०० मधून जाणार. आणि ते येणारही नाही, कारण कर्ज द्यायच्या आधी रोखीनं फाइल चार्ज मागणारा माणूस ते १५,००० घेऊन गायब होतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की त्यावर जास्त लिहीत नाही. त्याला नाही म्हणा आणि आधार, पॅनच्या झेरॉक्स दिल्या असतील तर परत मागा.

वसुलीच्या खुर्चीवरून मी एक गोष्ट सगळ्यात जास्त पाहिली. अडचणीतला माणूस पैसे देण्याचा क्रम चुकवतो. जो दारात येऊन ओरडतो त्याला आधी देतो. ॲपवाला शिव्या घालतो, त्याला पहिले. गटाचा साहेब ओट्यावर बसतो, त्याला दुसरे. बँक मात्र साधं पत्र पाठवते, म्हणून बँकेला शेवटी, उरले तर. पण घर ज्याच्याकडं तारण आहे तो कधी ओरडत नाही. त्याला गरजच नसते. ९० दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत होऊ शकणाऱ्या कर्जांत जातं, मग तारण ताब्यात घ्यायचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते, आणि त्यानंतर ताब्याची कारवाई. म्हणून प्रत्येक कर्जासमोर एकच प्रश्न लिहा: हे थकलं तर माझं नेमकं काय जाईल? कोण किती बोलेल, हे त्या कागदावर लिहायचं नाही.

हा कागद तुम्ही एकट्यानं करायचा नाही. वहिनींना सावकाराचं माहीत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते आज सांगावं लागेल. का, ते एका प्रसंगावरून सांगतो. इचलकरंजीच्या एका घरी गेलो होतो. नवरा यंत्रमागावर. मी त्याला आकडे विचारत होतो, तो सांगत होता, बायको भिंतीला टेकून गप्प. मी "एवढंच ना?" म्हटल्यावर ती उठली, तांदळाच्या डब्यामागून रबर लावलेली कॅरीबॅग काढली आणि चार गटांची कार्डं माझ्यासमोर फरशीवर ठेवली. "ह्ये ह्यास्नी म्हाईत न्हाई," माझ्याकडं बघत म्हणाली, नवऱ्याकडं बघायचं टाळून. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं शर्टाच्या आतल्या खिशातून घामानं मऊ झालेली एक चिठ्ठी काढली, सावकाराच्या हिशेबाची. आम्ही तारखा जुळवल्या. तिच्या एका गटाच्या कर्जातून त्याच्या सावकाराचं व्याज गेलं होतं आणि त्यानं मालकाकडून घेतलेल्या उचलीतून तिचा हप्ता. दोघंही एकमेकांना वाचवायला बघत होते आणि कर्ज दोन्हीकडून वाढत होतं. तुमच्या घरातही असं एखादं कार्ड डब्यामागं असू शकतं. रागावू नका. फक्त कागदावर घ्या.

आता तुमच्या कागदाकडं येतो. राशन, गॅस, लाईट बिल, पोरांची फी, वडिलांच्या गोळ्या, तुमचं पेट्रोल धरून १३,००० लागतात असं तुम्ही म्हणता. ते आधी बाजूला काढा. कर्जदाराला पोटाला चिमटा घ्यायला सांगणारे पुष्कळ असतात, पण वडिलांच्या गोळ्या बंद करून फेडलेला हप्ता पुढं दसपटीनं महाग पडतो. गोळ्या मात्र जनऔषधी दुकानात त्याच घटकाच्या मिळतात का, ते डॉक्टरांना विचारून बघा. उरले १७,५००. हे सगळ्यांना पुरणार नाहीत. कुणाला द्यायचे आणि कुणाला थांबवायचं, हे आता तुम्ही ठरवायचं.

पहिलं घर. शाखेत जा, मॅनेजरांना भेटा, पण तोंडी बोलून परत येऊ नका. अर्ज द्या: ओव्हरटाइम बंद झाला, उत्पन्न कमी झालं, हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळावी. सोबत आधीच्या आणि आताच्या पगारपावत्या जोडा. तुमचे ११ लाख बाकी आहेत, साधारण पंधरा वर्षं. नऊ टक्के व्याज धरलं आणि मुदत वीस वर्षं केली तर हप्ता ९,९०० च्या आसपास येतो. एकूण व्याज वाढेल, ते मान्य. पण आज महिन्याला १,३०० सुटतात. बँक हे करेलच असं मी सांगू शकत नाही. खातं नियमित असताना गेलात तर शक्यता चांगली, दोन हप्ते थकल्यावर गेलात तर कमी. मी स्वतः फायली लावायचो तेव्हा जो आपण होऊन आलाय त्याची फाइल वेगळी ठेवायचो, आणि फोन न उचलणाऱ्याची वर.

दुसरी पतसंस्था. इथं तुमचं काही तारण नाही, पण तुमच्याच शॉपमधले दोघं जामीन आहेत, आणि त्यांना यातलं काही माहीत नाही. हप्ते थांबले तर संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते आणि तो तुमच्यावर निघतो तसाच त्यांच्यावरही. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. एका शाळामास्तरांच्या पगारातून मी अशी कपात लावली होती. कर्जदार सहा महिने त्यांना टाळत होता. मास्तर टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "त्यानं मला आधी सांगितलं असतं तर मी दोन महिने भरले असते हो." ते वाक्य मी विसरलेलो नाही. त्या वेळी कर्जदाराला शोधायला मीही पुरेसे कष्ट घेतले नव्हते. तुम्ही संस्थेत जायच्या आधी या दोघांना चहाला बोलवा, सगळं सांगा, आणि जमलं तर त्यांनाच सोबत घेऊन जा. बाकी १,६०,००० आहे. १४ टक्क्यांनी व्याजच महिन्याला १,८६७ होतं. किमान व्याज तरी दर महिन्याला भरतो, मुद्दलाचे हप्ते नव्यानं बांधून द्या, असं लेखी मागा आणि २,००० भरायला सुरुवात करा.

तिसरी भिशी. कायद्याच्या चष्म्यातून बघणारा कुणी ती शेवटी टाकेल. मी टाकत नाही. तुम्ही नंबर उचललेला आहे, आता उरलेले चार हप्ते म्हणजे शेजारच्यांचा पैसा. पुढचा नंबर ज्याचा असेल त्यालाही दवाखाना असेल, कॉलेजची फी असेल. भिशी चालवणाऱ्याकडं जाऊन सांगा की पाच हजारांचे चार द्यायचे होते, अडीच हजारांचे आठ देतो. गावात पत राखली तर उद्या तीच माणसं अडचणीत उभी राहतात.

मग गट. ७०० वाला नियमित ठेवा, महिन्याला ३,००० च्या वर जातात. हिशेब असा झाला: ९,९००, २,०००, २,५०० आणि ३,०३३. एकूण १७,४३३. हातात सत्तर रुपयेही उरत नाहीत, आणि ८५० चा गट, सावकार आणि ॲप अजून बाकी आहेत. म्हणजे काही काळ या तिघांना शून्य. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण नसलेले पैसे देता येत नाहीत. आठ महिन्यांनी भिशी संपली की अडीच हजार मोकळे होतील, ते ८५० च्या गटाला. तोपर्यंत त्या कंपनीला लेखी कळवा. एक लक्षात ठेवा: गटाच्या वसुलीवाल्याला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, इतर कर्जांसाठी ही वेळ आठ ते सात आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना छळणं, हे दोन्हीकडं रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. आणि २०२२ पासून नियम असा आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जात असतील तर असं गटाचं नवं कर्ज देता येत नाही. दुसरं कर्ज देताना कंपनीनं तुमचं उत्पन्न आणि आधीची कर्जं काय लिहून घेतली, ते कागदावर बघा आणि अर्जात तो मुद्दा घाला. गटातल्या बायकांना मात्र वहिनींनी स्वतः आधी सांगावं. मीटिंगच्या दिवशी गैरहजर राहून कळू देऊ नये.

सावकाराकडं जरा थांबू, कारण इथं माणसं सगळ्यात जास्त घाबरतात. साठ हजारांवर महिन्याला तीन हजार म्हणजे वर्षाला ६० टक्के. वीस महिने दिलेत, म्हणजे मुद्दलाएवढं व्याज जाऊन मुद्दल जागेवर. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के आणि तारणी कर्जावर १५ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. परवाना नसताना सावकारीचा धंदा करणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा सावकारानं वसुलीचा दावा लावला तरी कोर्ट त्याच्या बाजूनं हुकूमनामा देत नाही. कुणी अशा व्यवहारात जमीन किंवा घर खरेदीखतानं लिहून दिलं असेल तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहारात मालमत्ता परत मिळवून द्यायची तरतूदही आहे. हे तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्यात कुणाला तरी असेल.

तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं करायची. त्याआधी पुरावा जमवा: फोनपेच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे मेसेज, रोख दिलेल्या तारखांची वही. पण इथं बरंच परिस्थितीवर आहे. हा माणूस खरंच अनेकांना व्याजानं पैसे देतो का? एखाद्यानं एकदाच उसने दिले असतील तर ती सावकारी ठरत नाही. तो भावकीतला आहे का, राजकीय वजनाचा आहे का, तुमच्या घरात म्हातारी माणसं आहेत, हे सगळं बघूनच पाऊल टाका. तक्रारीची तयारी नसेल तर गावातल्या दोन वजनदार माणसांसमोर बसून झालेलं व्याज मुद्दलात धरायला लावा आणि उरलेल्यावर लेखी तडजोड करा. मारहाणीची धमकी आली तर मात्र तडजोडीची वाट बघू नका, थेट पोलीस ठाणं.

तुम्ही त्याला सही केलेले दोन कोरे चेक दिलेत, ही माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात नाजूक जागा. कर्ज फेडता आलं नाही म्हणून कुणी जेलमध्ये जात नाही, ती भीती काढून टाका. पण चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट म्हणजे चेकच्या कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. अशी नोटीस आली तर मिळाल्यापासून पंधरा दिवस हातात असतात. त्या पंधरा दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे, आणि कोर्टाची तारीख पडली तर चुकवायची नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. कसबा बावडा रोडच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं मोफत वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही, त्यामुळं वहिनींच्या गटाच्या प्रकरणात त्या स्वतः अर्ज करू शकतात. कामगार म्हणून तुम्हीही विचारा. फोनवर १५१०० ला माहिती मिळते.

ॲपचं लवकर उरकतो. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत कर्जसंस्थांच्या ॲपची यादी आहे, त्यात तुमची तिन्ही नावं शोधा. यादीतलं असेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करा. फी लागत नाही, माहितीसाठी १४४४८. ॲप यादीत नसेल आणि फोटो, कॉन्टॅक्ट पाठवायच्या धमक्या येत असतील तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, १९३० ला फोन करा आणि सायबर पोलिसांकडं जा. नातेवाइकांना आपणच आधी एक मेसेज टाका: माझ्या नावानं काही आलं तर दुर्लक्ष करा. त्या एका मेसेजनं धमकीतली निम्मी हवा जाते.

घर विकायचं का? आत्ता नाही. दडपणाखाली विकलेलं घर पडेल भावानं जातं आणि नंतर भाड्याचे सहा-सात हजार सुरू होतात. वर्षभर हा क्रम पाळूनही हप्ता जमला नाही तर तेव्हा, आपल्या मर्जीनं, गिऱ्हाईक शोधून. घरावर टॉपअप, म्हणजे त्याच तारणावर वाढीव कर्ज घेऊन ॲप आणि सावकार फेडू नका. ज्यांच्याकडं तुमचं काही गहाण नाही त्यांच्यासाठी घर पणाला लावल्यासारखं होईल. पीएफलाही हात लावू नका. ती अशी रक्कम आहे की कोर्टाच्या जप्तीतही जात नाही. वहिनींचं सोनं त्यांचं आहे. चेक परत मिळत असतील आणि त्या स्वतः म्हणाल्या तर बँकेत तारण ठेवून एकदाच वापरता येईल, गुजरीतल्या सराफाकडं मोडू नका.

सिबिल खाली येईल, हे आधीच सांगतो. काही वर्षं नवं कर्ज मिळायला अवघड जाईल. तुमच्यासाठी ते सध्या बरंच आहे.

वडिलांना पुन्हा दवाखान्यात न्यायची वेळ आली तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राचा टेबल शोधा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, हार्टच्या बऱ्याच शस्त्रक्रिया त्यात बसतात. दवाखाना योजनेत आहे का, हे दाखल करायच्या आधी विचारायचं. सीपीआर या सरकारी दवाखान्यातही हा टेबल आहे.

या आठवड्यात एवढंच करा. आज रात्री वहिनींसोबत कागद. उद्या जामीनदार आणि भिशीवाले. सोमवारी बँक आणि पतसंस्था, अर्जाच्या दोन प्रती घेऊन. एक त्यांना द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. कारकून "साहेब आल्यावर बघू" म्हणाला तर तिथंच बसून राहा. शिक्का मिळाला नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. मुदत वाढवायला बँक काय म्हणते ते मला कळवा, कारण ९,९०० च्या जागी त्यांनी दुसरा आकडा सांगितला तर खालचे सगळे आकडे पुन्हा मांडावे लागतील. ते आपण मिळून मांडू.